विश्लेषण : पिल्लाचा ‘गोचीड ताप’ बरा झाल्यासारखा वाटतो, मग परत का येतो?

जालना : जून 2024 मध्ये दिवंगत उद्योगपती रतन टाटा यांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांकडे एक मदत मागितली होती. मुंबईतील टाटा ट्रस्ट्सच्या प्राण्यांच्या रुग्णालयात सात महिन्यांचे एक कुत्रे दाखल होते. त्याला गोचीड तापाचा संशय होता, अंगातले रक्त जिवावर बेतेल इतके कमी झाले होते आणि तातडीने रक्त चढवायचे होते. रक्तदाता कुत्रा कसा हवा, हेही टाटांनी लिहिले होते : वय एक ते आठ वर्षे, वजन साधारण 25 किलो किंवा जास्त, लसीकरण आणि जंतनाशक पूर्ण, मोठा आजार झालेला नसावा आणि किमान सहा महिने अंगावर गोचीड-पिसवा नसाव्यात. या हाकेला श्वानपालकांनी प्रतिसाद दिला आणि टाटांनी त्यांचे आभारही मानले.

मुंबईत एका पोस्टवर रक्तदाता मिळू शकतो. भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीत मध्यरात्री पिल्लाच्या नाकातून रक्त येऊ लागले, तर तेवढी सोय हाताशी नसते. म्हणून जालन्यासारख्या जिल्ह्यात या आजाराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पिल्लाला रक्त चढवायची वेळच येऊ नये, यासाठी घरी काय करता येईल, हा इथला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अवघड नाही, पण त्यासाठी चिकाटी लागते. कारण हा ताप दोन दिवसांत उतरतो आणि नेमके तिथेच बहुतेक घरांत उपचार थांबतात.

गोचीड ताप म्हणजे नेमके काय?

श्वानपालक आणि डॉक्टर ज्याला ‘टिक फिव्हर’ म्हणतात, तो एकच आजार नाही. गोचिडातून कुत्र्याच्या रक्तात जाणाऱ्या तीन-चार जंतूंच्या आजारांना मिळून हे नाव पडले आहे. त्यातला सर्वांत परिचित जंतू ‘एर्लिकिया कॅनिस’. हा जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत शिरून राहतो. रक्षण करायला आलेल्या पेशीतच तो मुक्काम ठोकत असल्यामुळे शरीराला त्याला हुसकावणे कठीण जाते. दुसरा महत्त्वाचा जंतू ‘बबेसिया’. तो तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे लघवी गडद रंगाची होते आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडतात.

एर्लिकियाचा शोध 1935 मध्ये अल्जीरियात लागला. त्याची खरी ताकद जगाला कळली ती व्हिएतनाम युद्धात. अमेरिकी सैन्याची 200 हून अधिक कुत्री रक्तस्राव होऊन दगावली. त्यांत जर्मन शेफर्ड जातीचा भरणा होता. या जातीत हा आजार अधिक तीव्र होतो, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसले. शेतवस्तीच्या राखणीसाठी किंवा हौसेने जर्मन शेफर्डचे पिल्लू आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. अर्थात गावठी कुत्र्यालाही हा आजार होतो. ‘आपले गावठी आहे, त्याला काही होत नाही’ हा समज खरा नाही.

हा आजार जुनाट कसा होतो?

संसर्ग झालेला गोचीड चावल्यानंतर साधारण आठ ते वीस दिवसांत लक्षणे दिसू लागतात. तिथून पुढे आजाराचे तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा दोन ते चार आठवड्यांचा. ताप येतो, पिल्लू खात नाही, कोपऱ्यात पडून राहते, मानेखालच्या आणि मागच्या पायांतल्या गाठी सुजतात, डोळ्यांतून पाणी येते. या काळात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात.

दुसरा टप्पा फसवा. उपचार न करताही अनेक कुत्री या टप्प्यात पोहोचतात. ताप नसतो, भूक परत येते, पिल्लू शेपटी हलवत दारात उभे राहते. घरच्यांना वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात जंतू प्लीहेसारख्या अवयवांत दबा धरून असतो. रक्त तपासले तर प्लेटलेट थोड्या कमीच सापडतात. हा टप्पा काही महिने, कधी काही वर्षे चालतो. काही कुत्री याच काळात स्वतःहून जंतूमुक्त होतात. पण आपले कुत्रे त्यांपैकी आहे की नाही, हे बाहेरून पाहून कळत नाही.

तिसरा टप्पा म्हणजे जुनाट आजार. रक्त तयार करणारा हाडांतला मगज मंदावतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घटत जातात. वजन उतरते, नाकातून रक्त येते, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटतात, डोळे लाल किंवा धुरकट होतात, कधी दृष्टी जाते. मूत्रपिंडावरही परिणाम होतो. पहिल्या टप्प्यात साध्या गोळ्यांनी आटोक्यात येणारा आजार इथे आला की बरे होण्याची शक्यता खूपच कमी होते.

दोन दिवसांत बरे वाटते, तरी 28 दिवस गोळी का?

एर्लिकियावरचे मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन. माणसांनाही दिली जाणारी ही गोळी तुलनेने स्वस्त आहे. पहिल्या टप्प्यातल्या कुत्र्याला ती सुरू केली की बहुतेक वेळा 24 ते 48 तासांत ताप उतरतो आणि पिल्लू खायला लागते. पहिल्या दोन आठवड्यांत प्लेटलेटही वाढू लागतात. तरीही जगभर रूढ असलेला कोर्स 28 दिवसांचा आहे.

याचे कारण जंतूच्या राहण्याच्या जागेत आहे. डॉक्सिसायक्लिन जिवाणूची वाढ रोखते. पेशींच्या आत लपलेले जंतू पूर्ण संपायला वेळ लागतो. पाचव्या-सहाव्या दिवशी गोळी थांबवली, तर ताप गेलेला असतो, जंतू गेलेला नसतो. पिल्लू थेट त्या फसव्या दुसऱ्या टप्प्यात जाऊन बसते. दोन-चार महिन्यांनी ताप परत आला की ‘औषध लागू पडले नाही’ असे वाटते. अनेकदा औषध चुकीचे नसते, ते पुरेसे दिवस दिलेले नसते.

परत येण्याचे दुसरे कारण म्हणजे नव्याने झालेला संसर्ग. एकदा आजार होऊन गेला म्हणजे कुत्र्याला कायमचे संरक्षण मिळते, असे होत नाही. या आजारावर लसही उपलब्ध नाही. दरवर्षी दिली जाणारी रेबीजची किंवा अनेक आजारांची एकत्रित लस गोचीड तापापासून वाचवत नाही.

तिसरे कारण म्हणजे सोबतचा दुसरा जंतू. एकच गोचीड किंवा एकाच घरातले वेगवेगळे गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया दोन्ही देऊ शकतात. बबेसियाचे औषध वेगळे असते. म्हणून डॉक्सिसायक्लिन नीट देऊनही तीन-चार दिवसांत फरक दिसला नाही, तर गोळ्या वाढवत बसण्याऐवजी पुन्हा रक्त तपासणे गरजेचे ठरते.

कोणती तपासणी करायची आणि अहवाल कसा वाचायचा?

पहिली तपासणी म्हणजे संपूर्ण रक्तगणना, अर्थात सीबीसी. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. एर्लिकियात हा आकडा लाखाच्या खाली येणे नेहमीचे आहे. तो 30 हजारांच्या खाली गेला, तर मार न लागताही रक्तस्राव होण्याचा धोका असतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नमुन्यात प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर यंत्र खोटा कमी आकडा दाखवते. त्यामुळे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिले जाते.

दुसरी तपासणी म्हणजे झटपट किट. ते जंतू नव्हे, तर जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. त्यातून दोन गोंधळ होतात. आजाराच्या अगदी सुरुवातीला प्रतिपिंडे तयार झालेली नसतात, म्हणून आजार असूनही किट ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. उलट, आजार बरा झाल्यावरही प्रतिपिंडे कित्येक महिने रक्तात राहतात, म्हणून बरे झालेल्या कुत्र्याचे किट ‘पॉझिटिव्ह’ येते. तेवढ्यावरून घाबरून पुन्हा कोर्स सुरू करायचा नसतो. पिल्लू कसे आहे आणि प्लेटलेट किती आहेत, हे किटच्या रेषेसोबत पाहावे लागते.

तिसरी तपासणी म्हणजे पीसीआर. करोनाकाळात सगळ्यांना माहीत झालेल्या याच पद्धतीने जंतूचा अंश थेट शोधता येतो. ती महाग असते आणि नमुना बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आजार वारंवार उलटत असेल तर ती उपयोगी पडते.

गोळी कशी द्यायची?

डोस कुत्र्याच्या वजनावर ठरतो. दिवसाला दर किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम हे रूढ प्रमाण आहे. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 100 मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळा विभागून. पण पिल्लू वाढत असते. महिन्याभरात त्याचे वजन बदलते, यकृताची स्थितीही पाहावी लागते. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी वापरू नये. आधी वजन करावे, मग डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.

उपाशीपोटी ही गोळी दिली की अनेक कुत्री उलटी करतात. थोडे खाणे झाल्यावर गोळी द्यावी आणि वरून ओलसर घास किंवा पाणी द्यावे, म्हणजे ती घशात अडकत नाही. आपल्याकडे गोळी दुधात विरघळवून किंवा पेढ्यात लपवून देण्याची पद्धत आहे. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत ती टाळावी, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाते. उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा बिनमिठाच्या चिकनचा घास चालतो. डॉक्टरांनी लोहाचे टॉनिक किंवा कॅल्शियम दिले असेल, तर त्यात आणि गोळीत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर नेहमीचा डोस द्यावा, पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. घरात चार माणसे असली की ‘तू दिलीस का, मी दिली’ असा घोळ होतो. दिनदर्शिकेवर रोज एक खूण करणे हा त्यावर सोपा उपाय आहे. 28 चौकोन भरेपर्यंत पाकीट संपले पाहिजे. जुनाट टप्प्यात डॉक्टर हा काळ वाढवू शकतात.

घरी काय टाळायचे?

सर्वांत मोठा धोका घरातल्या औषधांच्या डब्यात असतो. पिल्लू तापले म्हणून पॅरासिटामॉल, लंगडते म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देण्याचा मोह होतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे कुत्र्याच्या आतड्यांतून रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ॲस्पिरिन प्लेटलेटचे कामच बिघडवते. प्लेटलेट आधीच कमी असलेल्या कुत्र्याला ही औषधे देणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दुसरी गोष्ट ताटातल्या उरल्यासुरल्या रश्श्याची. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, मग ते कच्चे असोत की शिजवलेले. रक्त आधीच कमी असताना कांद्या-लसणाच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी पिल्लाला देऊ नये. साधा भात, भाकरी, अंडे, बिनमसाल्याचे चिकन, तेही थोडे थोडे आणि दिवसातून तीन-चार वेळा दिले तर आजारी पिल्लू खाते.

तिसरी गोष्ट पपईच्या पानांच्या रसाची. डेंग्यूच्या साथीत तो गावोगाव पोहोचला आणि आता कुत्र्यांनाही पाजला जातो. त्याने जंतू मरत नाही. रस पाजण्याच्या नादात गोळीला उशीर झाला, तर नुकसान पिल्लाचे होते.

प्लेटलेट कमी असेपर्यंत पिल्लाला इतर कुत्र्यांशी मस्ती करू देऊ नये, गच्चीवर किंवा उंच ओट्यावर मोकळे सोडू नये. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. रक्त कमी असलेल्या कुत्र्याला धाप लवकर लागते. त्याला पत्र्याच्या शेडखाली बांधून ठेवू नये. सावली, ओले गोणपाट आणि दिवसातून अनेकदा बदललेले पाणी, एवढे तरी हवेच.

गोचीड अंगावरून काढले, मग पुन्हा येतात कुठून?

या आजाराचा अर्धा उपचार कुत्र्याच्या अंगाबाहेर करावा लागतो. एर्लिकिया पसरवणारा तपकिरी गोचीड आयुष्यातला बहुतांश काळ कुत्र्यावर नव्हे, तर भिंतींच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागे काढतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून गळते, भिंतीवर चढते आणि भेगेत अंडी घालते. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते. अंड्यांतून सहा पायांची सूक्ष्म पिल्ले निघतात. ती रक्त पिऊन खाली गळतात, कात टाकतात आणि पुन्हा कुत्र्यावर चढतात. असे तीनदा होते. हवा उष्ण असेल तर हे चक्र दोन-तीन महिन्यांत पूर्ण होते आणि ते सगळे घराच्या आतही होऊ शकते.

म्हणून आज पिल्लाच्या अंगावर पाच गोचीड दिसले, तर भिंतीत किती असतील याचा अंदाज करता येतो. त्यात प्रौढ गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने जगतो. मामाच्या गावाला महिनाभर जाऊन आल्यावर घरातले गोचीड उपाशी मेले असतील, असे होत नाही.

आणखी एक महत्त्वाची बाब. एर्लिकिया मादीकडून तिच्या अंड्यांत जात नाही. अंड्यातून निघालेला गोचीड जंतूमुक्त असतो. आजारी कुत्र्याचे रक्त प्यायल्यावरच तो संसर्ग पसरवणारा होतो आणि नंतर अंगावरून सुटल्यावरही 155 दिवसांपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने तो आजार देऊ शकतो. याचा सरळ अर्थ असा, की उपचार न झालेले एक कुत्रे घरातल्या सगळ्या गोचिडांना जंतू पुरवत राहते. एका घरात दोन कुत्री असतील तर दोघांची तपासणी आणि दोघांनाही गोचीडनाशक एकाच वेळी द्यावे लागते. एकट्याला देऊन उपयोग नाही.

घराची आणि कुत्र्याची स्वच्छता कशी करायची?

जुन्या दगडमातीच्या घरांत, वाड्यांत आणि आखाड्यावरच्या खोल्यांत भेगांना तोटा नसतो. त्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवणे हा एकदाच करावा लागणारा आणि सर्वांत टिकाऊ उपाय आहे. कुत्र्याचे गोणपाट किंवा चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावी. फवारणी करायची असेल तर घरगुती वापरासाठी मान्य असलेले औषध लेबलवरच्या प्रमाणातच वापरावे. एका फवारणीने अंडी मरत नाहीत. ती पुढच्या काही आठवड्यांत फुटतात, म्हणून फवारणी पुन्हा करावी लागते. फवारणीच्या वेळी आणि जागा वाळेपर्यंत पिल्लू, लहान मुले आणि अन्न-पाणी दूर ठेवावे.

कुत्र्यासाठी महिन्यातून एकदा द्यायच्या चघळण्याच्या गोळ्या, तीन महिने टिकणाऱ्या गोळ्या, मानेवर टाकायचे थेंब आणि औषधी पट्टे बाजारात मिळतात. त्यांना वय आणि वजनाची किमान मर्यादा असते. ज्या कुत्र्याला फिट येतात, त्याच्याबाबत गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे. या गोळ्यांची एक मर्यादाही समजून घ्यायला हवी. गोचीड चावल्यावर औषध त्याच्या पोटात जाते आणि त्याला मरायला काही तास लागतात. एर्लिकिया मात्र चावा घेतल्यापासून काही तासांतच रक्तात शिरू शकतो. म्हणून महागडी गोळी दिली तरी भिंतीतल्या भेगांचे काम टळत नाही. थेंबाच्या औषधांतही काळजी हवी. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध घरातल्या मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते.

अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. बोटांनी चिरडू नये. रॉकेल लावू नये, काडीने चटका देऊ नये. फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, मानेच्या पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

गोठ्यातले गोचीड आणि कपाशीचे औषध

जालना जिल्ह्यात बहुतेक शेतकरी घरांत गोठा आणि कुत्रा शेजारी-शेजारी असतात. गाई-म्हशींवरचे गोचीड आणि कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड या प्रामुख्याने वेगळ्या जाती आहेत. गोठा साफ केला म्हणजे कुत्र्याचा प्रश्न सुटला, असे होत नाही आणि जनावरांचे औषध त्याच प्रमाणात कुत्र्याला चालत नाही. गोठ्यासाठी आणलेले अमिट्राझ लहान पिल्लाच्या अंगावर जादा प्रमाणात पडले, किंवा त्याने ते चाटले, तर ते सुस्त पडते, हृदयाची गती मंदावते.

त्याहून घातक सवय म्हणजे कपाशीवर फवारायचे कीटकनाशक पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालणे. पिकांसाठी बनवलेली अनेक कीटकनाशके कातडीतून शोषली जातात. तोंडाला फेस, थरथर, झटके आणि मृत्यू इथवर प्रकरण जाऊ शकते. पिकाच्या औषधाची बाटली कुत्र्याच्या जवळपासही नको.

जालन्यात उपचार कुठे?

जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत पशुसंवर्धन यंत्रणेचे दवाखाने आहेत. त्यांचा मुख्य भार गुराढोरांचा असला तरी कुत्र्याची प्राथमिक तपासणी तिथे करून घेता येते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठीचा 1962 हा टोल फ्री क्रमांकही प्रामुख्याने पशुधनासाठी आहे. जालना शहरात आणि शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात खासगी पशुवैद्यकांकडे श्वानांचे उपचार होतात.

आजार उलटत असेल किंवा निदान ठरत नसेल, तर मराठवाड्यासाठी जवळचा मोठा आधार म्हणजे परभणीचे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे हे महाविद्यालय जालना, परतूर, सेलू, परभणी या एकाच रेल्वेमार्गावर येते. मात्र रेल्वेत कुत्र्याला स्लीपर, चेअर कार किंवा थ्री टायर डब्यात नेता येत नाही. त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत किंवा वातानुकूलित प्रथम वर्गाच्या स्वतंत्र कूपेत नोंदणी करूनच न्यावे लागते. आजारी पिल्लासाठी उन्हाळ्यात ती पेटी योग्य नाही. पहाटे निघून चारचाकीने जाणे बरे. जाताना जुने सगळे रक्त अहवाल, दिलेल्या औषधांची पाकिटे आणि गोळी सुरू केल्याची तारीख सोबत न्यावी. ‘कसली तरी पिवळी गोळी होती’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना फार काही करता येत नाही.

वर्षभराचे वेळापत्रक कसे असावे?

• पहिला आठवडा : निदान, गोळी सुरू, अंगावरचे गोचीड काढणे, घराची पहिली साफसफाई. फरक नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे.

• दुसरा ते चौथा आठवडा : पिल्लू ठणठणीत दिसले तरी गोळी सुरूच. सांगितल्याप्रमाणे मधे एकदा सीबीसी. घराची दुसरी फवारणी.

• कोर्स संपल्यावर : पुन्हा सीबीसी. प्लेटलेट सामान्य पातळीवर आल्या का, हे पाहणे.

• त्यानंतर एक आणि तीन महिन्यांनी : गोळी बंद असताना प्लेटलेट टिकून आहेत का, याची खात्री. हीच सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी आणि आजार दबा धरून बसला आहे का, हे हिच्यातूनच कळते.

• वर्षभर : गोचीडनाशक खंड न पडू देता. वर्षातून एकदा मूत्रपिंड, यकृत आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी.

जुनाट टप्प्यात गेलेल्या कुत्र्याचे वेळापत्रक याहून कडक असते. प्लेटलेट सामान्य झाल्या नाहीत तरी काही कुत्री औषधे, चांगला आहार आणि नियमित तपासण्यांवर बरेच दिवस नीट जगतात. त्यांच्या बाबतीत उद्दिष्ट बदलते. आजार पूर्ण घालवण्याऐवजी त्याला वाढू न देणे, हे काम उरते.

घरातल्या माणसांना धोका आहे का?

कुत्र्याला हात लावल्याने, त्याने चाटल्याने किंवा जवळ झोपल्याने एर्लिकिया कॅनिस माणसाला होत नाही. माणसांत त्याची नोंद अगदी विरळ आहे आणि तीही गोचिडाच्या माध्यमातून. मात्र गोचीड इतरही आजार पसरवतात, म्हणून लहान मुलांच्या अंगावर गोचीड दिसल्यास तो काढून टाकावा आणि ताप आल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. मुलांना भीती वाटते म्हणून आजारी पिल्लू घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

तातडीने कधी धावायचे?

नाकातून रक्त, काळी डांबरासारखी शी, पोटावर जांभळे ठिपके, हिरड्या पांढऱ्या पडणे, उभे राहता न येणे, डोळा अचानक धुरकट होणे किंवा फिट येणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. नाकातून रक्त येत असेल तर पिल्लाला शांत ठेवावे, नाकावर बर्फाचा कपडा धरावा आणि तोंड मोकळे ठेवावे. नाकात कापूस कोंबू नये.

आजार दुसऱ्यांदा उलटला की अनेक घरांत एक वाक्य ऐकू येते : शेतात सोडून देऊ, तिथे राहील. आजारी कुत्रे आखाड्यावर राहत नाही, ते तिथे उपाशी पडते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हाही आहे. शिवाय तिथे ते गावातल्या बाकी कुत्र्यांच्या गोचिडांना जंतू देत राहते. वर्षभराने आणलेले नवे पिल्लू त्याच भिंतीशेजारी झोपते आणि तोच ताप पुन्हा सुरू होतो.

त्यामुळे ताप उतरल्यावर पहिल्यांदा पाहायचे ते दिनदर्शिकेकडे, किती चौकोन भरायचे राहिले आहेत ते. आणि दुसऱ्यांदा पाहायचे ते पिल्लू जिथे झोपते, त्या भिंतीतल्या भेगांकडे.